जुनं क्रेडिट कार्ड: ठेवायचं की बंद करायचं?

पहिली नोकरी लागली की एक कार्ड हातात येतंच. कधी पगाराच्या खात्यासोबत, कधी मॉलमधल्या स्टॉलवर गळ्यात पट्टा घातलेल्या पोराने "मॅडम, लाइफटाइम फ्री आहे, फक्त एक सही" म्हणून गळ घातल्यावर. चार-सहा वर्षांनी पगार वाढतो, दुसऱ्या बँकेचं जरा बरं कार्ड मिळतं आणि पहिलं पाकिटाच्या मागच्या कप्प्यात जाऊन बसतं. मग एखाद्या महिन्यात स्टेटमेंटमध्ये वार्षिक फी दिसते आणि प्रश्न पडतो.

विचारायला जावं तर दोन टोकांची उत्तरं मिळतात. ऑफिसातला कुणीतरी जाणकार सांगतो, "जुनं कार्ड कधीच बंद करायचं नाही, सिबिल पडतो," म्हणजे कर्ज देताना बँका बघतात तो स्कोअर घसरतो. घरी वडील म्हणतात, "टाक बंद करून, कर्जाचं लफडं हवंय कशाला?" आयुष्य हिशेबाच्या खात्यात काढल्यामुळे माझ्याकडे असे प्रश्न येतात, आणि दोन्ही उत्तरं मला सरसकट पटत नाहीत. कार्ड जुनं आहे एवढ्याच कारणासाठी दरवर्षी फी भरत राहण्यात अर्थ नाही. पण फ्लॅट बघायला सुरुवात केली असताना कार्ड बंद करायला निघणंही बरोबर नाही. आधी दोन गोष्टी बघायच्या: हे कार्ड वर्षाला किती रुपयांना पडतं, आणि नजीकच्या काळात मोठं कर्ज काढायचं आहे का. बाकीचं त्यानंतर.

आधी कार्डाची कुंडली मांडा

बँकेच्या ॲपमध्ये जा आणि एका कागदावर पाच गोष्टी लिहा: खातं कोणत्या वर्षी उघडलं, लिमिट किती, वार्षिक फी किती आणि ती कोणत्या महिन्यात पडते, आज बाकी किती, रिवॉर्ड पॉइंट किती. ॲप उघडतच नसेल, कारण नंबर बदललाय किंवा पासवर्ड विसरलाय, तर तेच पहिलं काम. मुंबईत हे फार होतं. कार्ड घेतलं तेव्हा पत्ता लालबागच्या चाळीचा होता. चाळ पुनर्विकासाला गेली, माणूस डोंबिवलीला भाड्याने राहायला गेला, मधल्या काळात मोबाइल नंबरही बदलला. बँक मात्र अजून जुन्याच पत्त्यावर पाकिटं पाठवतेय आणि ओटीपी कुणा तिसऱ्याच्या फोनवर जातोय. पुढची एकही पायरी त्याशिवाय पार पडत नाही, म्हणून नंबर, ईमेल आणि पत्ता आधी दुरुस्त करून घ्या.

फीचा आकडा बघताना त्यावरचा कर विसरू नका. स्टेटमेंटमध्ये या दोन वेगळ्या ओळी असतात. ४९९ रुपये फी असेल तर खाली १८ टक्के जीएसटीचे ८९ रुपये ८२ पैसे, म्हणजे एकूण ५८८ रुपये ८२ पैसे. हे "पाचशेचं कार्ड" खरं तर जवळपास सहाशेचं. "अमुक हजार खर्च केलात तर फी माफ" अशी अट असेल तर ती रक्कमही कागदावर लिहा आणि गेल्या वर्षी ती स्वतःहून पूर्ण झाली होती का, ते पाहा. फी वाचवण्यासाठी खर्च वाढवणार असाल तर मग हिशेब मांडूच नका.

लगेहात क्रेडिट रिपोर्टही काढा, म्हणजे तुमची कर्जं, कार्डं आणि त्यांचा भरणा यांची नोंद. भारतात असा रिपोर्ट देणाऱ्या चार कंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षाला एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने हा आपला हक्क आहे, त्यासाठी कुणाला पैसे द्यायची गरज नाही. रिपोर्ट त्या कंपन्यांच्या स्वतःच्या वेबसाइटवरूनच काढा. "फ्री स्कोअर" दाखवणाऱ्या प्रत्येक ॲपला नंबर दिलात तर दुसऱ्या दिवसापासून पर्सनल लोनचे फोन सुरू होतात.

स्कोअरला धक्का बसतो, तो नेमका कशामुळे?

स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो आणि ७५० च्या वर असला की बँका साधारणपणे खूश असतात. कार्ड बंद केल्यावर तो हलू शकतो, पण लोक समजतात त्या कारणाने नव्हे. जुनं कार्ड बंद केलं म्हणून त्याचा इतिहास दुसऱ्या दिवशी पुसला जात नाही. क्रेडिट माहिती कंपन्यांना ही माहिती किमान सात वर्षं जपून ठेवावी लागते. वेळेवर भरलेली बिलं त्यात दिसत राहतात. खात्यांचं वय हा स्कोअरचा एक घटक आहे हे खरं, पण वेळेवर भरणा आणि लिमिटचा वापर या दोन गोष्टी त्याहून वजनदार आहेत.

झटपट फरक पडतो तो लिमिटच्या वापराने. समजा, जुन्या कार्डाचं लिमिट ६०,००० आणि नव्याचं १,४०,००० आहे. महिन्याला दोन्ही मिळून ५०,००० खर्च होतो. एकूण लिमिट २,००,००० म्हणजे वापर २५ टक्के. आता जुनं बंद केलं. खर्च तेवढाच, लिमिट १,४०,०००, वापर जवळपास ३६ टक्के. एक रुपयाही जास्त उधळला नाही, तरी रिपोर्टमध्ये तुम्ही अधिक उधारीवर जगणारे दिसता. वापर ३० टक्क्यांच्या आत ठेवावा असा ठोकताळा आहे. ती काही लक्ष्मणरेषा नाही, पण ध्यानात ठेवण्यासारखा आकडा आहे.

यावर दोन उपाय आहेत. बंद करण्याआधी दुसऱ्या कार्डाचं लिमिट वाढवून घ्या. नाहीतर खर्च जास्त झालेल्या महिन्यात बिलाची वाट न बघता मध्येच थोडी रक्कम भरून टाका. दोन्ही कार्डं एकाच बँकेची असतील तर आधी हे विचारा: "माझं लिमिट दोन्ही कार्डांत मिळून एकच आहे का?" बऱ्याच बँकांत ते सामायिक असतं, आणि मग एक बंद केल्याने एकूण लिमिटमध्ये काही फरक पडत नाही. ही एक गोष्ट समजली की निम्म्या लोकांची चिंता तिथेच मिटते.

कुणी बंद करू नये, निदान आत्ता

ठाण्यात किंवा पनवेलला फ्लॅट बघताय, बिल्डरने टोकन मागितलंय, येत्या सहा-आठ महिन्यांत गृहकर्जाचा अर्ज जाणार आहे? मग हात लावू नका. सहाशे रुपये फी भरा आणि गप्प बसा. वीस वर्षांच्या कर्जावर व्याजदरात पाव टक्क्याचा फरक पडला तरी सहाशे रुपयांची आठवणही राहणार नाही. कर्ज मंजूर होऊन पैसे हातात पडले की मग बघू.

तुमच्याकडे हे एकच कार्ड असेल तरी थांबा. नवखे लोक उलट्या क्रमाने जातात. आधी जुनं बंद करतात, मग नव्यासाठी अर्ज करतात आणि तो नाकारला गेला की हात चोळत बसतात. नवं कार्ड हातात येऊ द्या, दोन-चार बिलं भरली जाऊ द्या.

मुदत ठेवीवर घेतलेलं पहिलं कार्ड असेल तर बाब थोडी वेगळी. तिथे तुमची ठेव अडकलेली असते आणि कार्ड बंद झालं की ती मोकळी होते. साधं कार्ड मिळून वर्ष झालं असेल तर हे बंद करायला मी बिनधास्त सांगते.

आणि थकबाकी फिरती असेल, म्हणजे दर महिन्याला फक्त "किमान रक्कम" भरून पुढे ढकलत असाल, तर बंद करायचा विषयच बाजूला ठेवा. आधी ते कर्ज फेडा. बाकी शून्य झाल्याशिवाय बँक कार्ड बंद करणारच नाही.

बंद करण्याच्या आधी एक फोन

फी हे एकच कारण असेल तर कार्ड बंद करण्याआधी त्याच बँकेच्या बिनफीच्या कार्डात बदलून मिळतं का, ते विचारा. हा पर्याय बँक स्वतःहून सहसा सांगत नाही. माझ्या भाच्याने माझ्यासमोर स्पीकरवर फोन लावला होता, तो संवाद साधारण असा:

"सर, आपण आमचे इतके जुने ग्राहक आहात. कार्ड का बंद करायचंय?"

"वापर नाही. फी पडते."

"या वर्षीची फी आम्ही परत करतो, सर."

तो "हो" म्हणणार एवढ्यात मी खूण केली. त्याने हळूच विचारलं, "काय, मावशी?" म्हटलं, पुढच्या वर्षीचं विचार.

"पुढच्या वर्षी काय?"

"पन्नास हजार खर्च केलात तर आपोआप माफ होते, सर."

"नाही होणार तेवढा. लाइफटाइम फ्री कार्डात बदलून मिळेल?"

बराच वेळ संगीत वाजलं. मग उत्तर आलं की मिळेल, लिमिट तेच राहील.

त्याचं काम झालं. तुम्ही विचाराल तेव्हा आणखी एक प्रश्न जोडा: हेच खातं पुढे चालू राहणार की नवं खातं उघडणार? तेच चालू राहिलं तर खात्याचं वय टिकतं. आणि फोनवर कबूल केलेलं ईमेलवर मागून घ्या. "एक वर्ष फी माफ" आणि "कायमची माफ" यातला फरक फोनवर फार पुसट असतो.

ठेवायचं ठरलं तर

कपाटात टाकून देणं म्हणजे ठेवणं नव्हे. एक वर्षाहून जास्त काळ कार्ड वापरलं नाही तर बँक तुम्हाला कळवते आणि ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर, बाकी नसल्यास, खातं बंद करू शकते. पत्ता जुना असलेल्या माणसाला हे कळतही नाही. म्हणून दोन-तीन महिन्यांतून एकदा मोबाइलचं रिचार्ज किंवा महानगर गॅसचं बिल त्यावर भरा आणि पूर्ण बिल आपोआप भरलं जाईल अशी सोय लावा. ॲपमध्ये जाऊन परदेशी व्यवहार बंद करा, टॅप करून पैसे देण्याची सोय बंद करा, ऑनलाइन व्यवहारांची मर्यादा हजार-दोन हजारांवर आणा. कार्ड रुपे असेल तर यूपीआयला जोडून दुकानातल्या क्यूआरवरही चालतं, त्यामुळे किराणावाल्याकडे अधूनमधून वापरायला बरं पडतं. मित्राला पैसे पाठवायला मात्र ते चालत नाही.

बंद करायचं ठरलं तर, याच क्रमाने

ऑटो-पे, म्हणजे कार्डावरून आपोआप जाणारी बिलं, उकरून काढा. मला विचाराल तर सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. गेल्या बारा महिन्यांची स्टेटमेंटं उघडून दर महिन्याला, दर तिमाहीला आणि वर्षातून एकदा येणाऱ्या ओळी शोधा. महिन्याच्या गोष्टी आठवतात: बेस्टचं, अदानीचं किंवा टाटा पॉवरचं वीजबिल, वायफाय, सिनेमांचं सबस्क्रिप्शन. फसवतात त्या वर्षातून एकदा येणाऱ्या. टर्म इन्शुरन्सचा हप्ता, आरोग्य विमा, गाडीचा विमा. सिनेमांचं सबस्क्रिप्शन तुटलं तर स्क्रीनवर लगेच दिसतं. विम्याचा हप्ता गेला नाही तर एक ईमेल येतो आणि तो जाहिरातींच्या ढिगात पडून राहतो. प्रत्येक ठिकाणी नवं कार्ड जोडा, एक हप्ता नव्या कार्डावरून गेलेला डोळ्यांनी बघा, मग पुढे सरका. खरेदीच्या ॲपमध्ये साठवलेलं जुनं कार्डही काढून टाका.

त्याच कार्डावर आईच्या किंवा बायकोच्या नावाचं पुरवणी कार्ड असेल तर ते मूळ कार्डाबरोबरच बंद पडतं. आधी घरी सांगा. औषधाच्या दुकानात रांगेत उभं असताना कळण्याची ही गोष्ट नाही.

पॉइंट वापरून टाका. कार्ड बंद झालं की पॉइंट सहसा बुडतात. काही बँका पॉइंट वटवायलाही शुल्क आणि त्यावर जीएसटी घेतात, तेव्हा दोनशे रुपयांच्या पॉइंटसाठी शंभर रुपये तर जात नाहीत ना, ते बघा. पॉइंट विमान कंपनीच्या खात्यात आधीच वळवले असतील तर ते तिथे राहतात.

चालू ईएमआय असेल तर बँक तो एकरकमी मागते आणि वर मुदतपूर्व परतफेडीचं शुल्कही लावते. दोनच हप्ते उरले असतील तर ते संपेपर्यंत थांबलेलं बरं.

मग बाकी शून्य करा, अगदी शेवटच्या पैशापर्यंत. आधीच्या महिन्यांत बिल पूर्ण भरलं नसेल तर पूर्ण रक्कम भरल्यानंतरही पुढच्या स्टेटमेंटमध्ये मधल्या दिवसांचं थोडं व्याज येतं. लोक भरणा केला की समजतात, संपलं. मग तीस-चाळीस रुपयांची ती बाकी तशीच राहते, तिच्यावर व्याज चढत राहतं आणि रिपोर्टमध्ये थकबाकीची ओळ उमटू शकते. भरल्यानंतर एक पूर्ण स्टेटमेंट शून्याचं येऊ द्या.

आता अर्ज. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बँकेने हेल्पलाइन, ईमेल, वेबसाइटवर ठळक लिंक, नेटबँकिंग, ॲप असे मार्ग द्यायला हवेत. पत्र पोस्टानेच पाठवा असा हट्ट तिला धरता येत नाही. बाकी शून्य असेल तर अर्ज केल्यापासून कामाच्या सात दिवसांत कार्ड बंद करून तसं कळवलं पाहिजे. उशीर झाला तर दर दिवसाला ५०० रुपये बँकेने तुम्हाला द्यायचे. शाखेत जाऊन रांग लावण्यात सुट्टीचा शनिवार घालवू नका. कार्डाचं काम बहुतेक वेळा शाखेत होतच नाही, तिथला माणूस तुम्हाला हेल्पलाइनचाच नंबर देतो. ईमेल किंवा ॲप वापरा, म्हणजे तारीख आणि तक्रार क्रमांक हातात राहतो. मजकूर दोन ओळींचा पुरे: "माझं कार्ड, शेवटचे चार अंक अमुक, कायमचं बंद करावं. बाकी शून्य आहे. बंद झाल्याची आणि काहीही येणं नसल्याची लेखी खात्री द्यावी."

कार्ड घरी आलं पण कधी सुरूच केलं नसेल, तर नियम आणखी सोपा आहे. ३० दिवसांत सुरू केलं नाही की बँकेला तुमची ओटीपीने संमती घ्यावी लागते. ती दिली नाही तर त्यांनीच सात कामाच्या दिवसांत ते फुकट बंद करायचं असतं.

फोन करणार असाल तर नंबर कार्डाच्या मागचा किंवा ॲपमधला घ्या, गूगलवर शोधून मिळालेला नको. तिथे बँकेच्या नावाने चोरांचे नंबर असतात. अर्ज करताना ॲप किंवा नेटबँकिंगवर ओटीपी तुम्ही स्वतः टाकता, ते ठीक. पण "कार्ड बंद करायला ओटीपी वाचून दाखवा" किंवा "ही फाइल डाउनलोड करा" असं कुणी सांगितलं तर फोन ठेवून द्या. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा, तासाभराचा उशीरही महागात पडतो.

फोनवर "सेटलमेंट" हा शब्द ऐकू आला तर कान टवकारा. थकलेल्या रकमेतली थोडी सूट देऊन खातं मिटवतो, असं वसुलीवाले गोड बोलून सांगतात. मग रिपोर्टमध्ये "क्लोज्ड" ऐवजी "सेटल्ड" लिहिलं जातं आणि पुढची बँक ते वाचून समजते की या माणसाने पूर्ण पैसे दिले नाहीत. ज्याला खरंच पैसे भरणं शक्य नाही त्याचा विषय वेगळा. पण भरण्याची ताकद असताना दोन-चार हजार वाचवायला हे करू नका.

बंद झाल्याचा मेसेज आल्यावरच कार्ड कापा, तेही चिपच्या मधोमध. खात्यात तुमचेच काही पैसे जास्त भरलेले असतील तर ते बँकेने तुमच्या बचत खात्यात परत करायचे असतात, तेवढं तपासा.

महिन्याभराने

बँकेने कार्ड बंद झाल्याची माहिती ३० दिवसांत क्रेडिट कंपन्यांना द्यायची असते. त्यानंतर पुन्हा रिपोर्ट काढा. सुरुवातीला सिबिलचा फुकट रिपोर्ट वापरला असेल तर आता एक्स्पिरियनचा काढा, चार कंपन्या असण्याचा हा फायदा. खात्यासमोर "क्लोज्ड", बाकी शून्य आणि बंद झाल्याची तारीख, या तिन्ही गोष्टी दिसायला हव्यात. स्कोअर दहा-वीस अंकांनी खाली दिसला तर घाबरू नका. बिलं वेळेवर जात राहिली आणि वापर आटोक्यात असला तर तो सावरतो.

खातं अजून चालू दिसत असेल किंवा भलतीच बाकी दिसत असेल तर त्या क्रेडिट कंपनीच्या वेबसाइटवर तक्रार नोंदवा आणि बँकेलाही लिहा. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर दर दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे. बँक दाद देत नसेल किंवा ३० दिवसांत उत्तर आलं नसेल तर पुढची पायरी रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. तक्रार रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस पोर्टलवर ऑनलाइन करता येते, फी नाही, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा टोल फ्री नंबर आहे. तिथे पहिला प्रश्न हाच येतो की बँकेकडे लेखी तक्रार कधी केली. तो ईमेल आणि बंद झाल्याचं पत्र एकाच फोल्डरमध्ये ठेवा. पुढे गृहकर्जाच्या वेळी एखादा अधिकारी जुन्या कार्डाबद्दल विचारतो, तेव्हा तेच पत्र पुढे करायचं.